पार्श्वभूमी: जिवंत पोवळे हलवायचे म्हणजे

कोकण किनाऱ्याच्या व्यापाराने शतकानुशतके पाहिले ते मेलेले पोवळे. सतराव्या-अठराव्या शतकात भूमध्य समुद्रातले लाल पोवळे इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातून गोव्याला येई आणि बदल्यात हिरे जात. नवरत्नांतले पोवळे हेच. तो नुसता सांगाडा. पेटीत भरून खिळे ठोकले की सहा महिन्यांचा प्रवासही त्याला चाले. मालवणच्या खडपांवर वाढते ते पोवळे वेगळ्या कुळातले, त्याला रत्नाचा भाव नाही. ते जिवंत ठेवून कुठे न्यावे, हा विचार अगदी अलीकडचा.

अडचण श्वासाची आहे. उजेडात पोवळ्याच्या अंगातले सूक्ष्म शैवाल प्राणवायू तयार करते. खोक्याचे झाकण लागले की ते थांबते, आणि शैवाल व पोवळे दोघेही पिशवीतला साठा संपवू लागतात. २६ अंश सेल्सिअसला समुद्राच्या एक लिटर पाण्यात जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर एक लिटर हवेत तो पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. डब्या-बरण्यांच्या काळात नाजूक सागरी जीव फार लांब जात नसत, ते यामुळेच. १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत पॉलिथिन सापडले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या पिशव्या स्वस्त झाल्या, सिलिंडरमधला ऑक्सिजन आणि जेट विमान यांची जोड मिळाली, तेव्हा कुठे हा व्यापार शक्य झाला. तरीही घरच्या टाकीत पोहोचलेले पोवळे बहुधा काही महिन्यांत मरे. १९८०च्या दशकात जर्मन हौशी मंडळींनी जिवंत खडक (उपयोगी जिवाणूंनी भरलेला समुद्रातला दगड), प्रखर दिवे आणि जोरदार फेसगाळणी (फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारे यंत्र) यांची सांगड घातली आणि पोवळी टाकीत वाढू लागली. मग समुद्रातली अख्खी वसाहत, म्हणजे एकाच सांगाड्यावर एकत्र वाढणाऱ्या असंख्य छोट्या पोवळे-जीवांचा समूह, तोडण्याऐवजी टाकीतल्या पोवळ्याचे तुकडे पाठवण्याची पद्धत रुळली.

आजची पॅकिंगची रीत या तुकड्यांवरच बसली आहे. कापलेल्या कडेवर मांस चढायला किमान आठवडा द्यावा लागतो. ओली जखम वाटेत सडते. निघण्याआधी एक-दोन दिवस खाणे बंद. पाण्यातून उचलले की पोवळे चिकट स्राव सोडते. तो तसाच पिशवीत गेला तर त्यावर जिवाणू माजतात आणि पोवळ्याच्या वाटचा ऑक्सिजन खातात. म्हणून तुकडा आधी दहा-पंधरा मिनिटे बादलीत ठेवून स्राव सुटू द्यायचा, ते पाणी फेकायचे आणि पिशवीत ताजे, गाळलेले खारे पाणी घ्यायचे. तुकड्याचा तळ थर्माकोलच्या चकतीला रबरबँडने बांधला की तो उलटा तरंगतो, मांस प्लास्टिकला घासत नाही आणि टोकांनी पिशवी फाटत नाही. एक तृतीयांश पाणी, वर शुद्ध ऑक्सिजन. पिशवी दुहेरी, आतलीचे कोपरे दुमडून टेप लावलेले. एका पिशवीत एकच तुकडा, कारण एक मेला की त्याच्या सडण्याने शेजारचाही जातो.

थर्माकोलच्या खोक्यात २४ ते २६ अंश राखायचे असतात. कोकणातल्या एप्रिल-मेमध्ये खोके तासभर उन्हातल्या टेम्पोत राहिले तरी गणित बिघडते. पाणी तापले की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि पोवळ्याला तो जास्त लागतो. जेल पॅक वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवतात, कारण थंड हवा खाली उतरते. तो थेट पिशवीला टेकला तर तेवढ्याच भागातले पाणी गार पडते.

काही फांदीदार जातींसाठी पाणी जवळजवळ नसलेलीच पद्धत आहे. खाऱ्या पाण्याने ओल्या केलेल्या कागदात किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांत तुकडा गुंडाळायचा आणि पिशवीत ऑक्सिजन भरायचा. सुंभाने नांग्या बांधलेल्या कुर्ल्या ओल्या गोणपाटाखाली टोपलीतून पाठवणाऱ्याला हे नवे वाटू नये: अंग ओले राहिले तर हवाही पुरते. गुबगुबीत, मोठ्या तोंडाच्या जातींना मात्र हे सोसत नाही, स्वतःच्या वजनाने त्यांचे मांस सांगाड्याच्या कडांवर फाटते.

बरीच मर होते ती पिशवी उघडल्यावर. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पाण्याचा सामू (पीएच) खाली येतो. सामू खाली असेपर्यंत साचलेला अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. तोंड उघडताच वायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्या पाण्यात तासभर थेंब-थेंब नवे पाणी सोडत बसणे हा घातक उपचार आहे. बंद पिशवी वीसेक मिनिटे टाकीत तरंगवून तापमान जुळवावे, उघडताच पोवळे काढून घ्यावे, पाणी फेकावे.

आपल्या किनाऱ्यावरून मात्र असे खोके भरणे हा गुन्हा आहे. सायटीस या आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराने १९९० पर्यंत सगळी दगडी पोवळी परवान्याखाली आणली. भारताने २००१ मध्ये दगडी पोवळी, काळे पोवळे, अग्निपोवळे आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसवले. मालवण सागरी अभयारण्य त्याआधीच, १९८७ मध्ये, जाहीर झाले होते.

त्यामुळे कोकणात जिवंत पोवळे हलवले गेले ते विक्रीऐवजी स्थलांतरासाठी. मालवणच्या समुद्रात पोवळ्यांचे रोपण करून पाहिले गेले. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात आड येणाऱ्या वरळी आणि हाजी अलीच्या १८ वसाहती गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने परवानगी घेऊन नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईतल्याच दुसऱ्या खडकांवर हलवल्या. अशा कामाला ऑक्सिजनची पिशवी लागत नाही, लागते ते वेळापत्रक. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली पोवळी उधाणाच्या ओहोटीला, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उघडी पडतात. छिन्नीने खालच्या दगडासकट वसाहत सोडवायची, सावलीत समुद्राच्याच पाण्याच्या टबात ठेवायची आणि शक्यतो त्याच दिवशी तितक्याच खोलीवर, तितक्याच उजेडात एपॉक्सीने (कडक होणाऱ्या डिंकाने) किंवा सिमेंटने बसवायची. हंगाम निवडायचा तो पावसाळा सरल्यावरचा. जूनमध्ये नद्यांचे गोडे, गढूळ पाणी आणि लाटा येण्याआधी पोवळ्याने आपले मांस आणि सांगाडा नव्या खडकावर पसरून पकड घेतलेली असावी लागते. नुसत्या एपॉक्सीवर टिकलेली वसाहत पहिल्याच मोठ्या लाटेला सुटते, आणि सुटून गाळात पडलेली वाचत नाही.