प्लगची ठिणगी बाहेर दिसते, मग आत का पडत नाही?

स्कूटर मिसिंग करू लागली, म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकू लागली, की प्लग काढायचा, वायरच्या टोकाच्या कॅपमध्ये बसवून इंजिनच्या हेडला (सिलिंडरच्या झाकणाला) टेकवायचा आणि सेल्फ मारायचा. ठिणगी दिसली की प्लग पास! या परीक्षेवर फार विसंबू नये.

ठिणगीला किती व्होल्ट लागतील हे वायूचा दाब आणि गॅप (प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधले, म्हणजे धातूच्या टोकांमधले अंतर) यांच्या गुणाकारावर ठरते, असे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीड्रिख पाशेन यांनी 1889 मध्ये दाखवले. मोकळ्या हवेत 0.9 मिमीची गॅप ओलांडायला काही हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मात्र पिस्टनने पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबलेले असते, म्हणून त्याच गॅपला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. प्लगला व्होल्ट पुरवणारी कॉइल तेवढे देऊ शकली नाही तर बाहेर ठणठणीत दिसणारा प्लग आत गप्प बसतो.

अॅक्सिलरेटर पिळला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरते आणि दाब आणखी वाढतो. म्हणून इंदूरमध्ये बिजासन टेकरीचा चढ डबलसीट चढताना गाडी झटके देत असेल, पण सपाट रस्त्यावर नीट चालत असेल, तर वाढलेल्या गॅपवर पहिला संशय घ्यावा. उलट राजवाड्याच्या गर्दीत स्लोवर इंजिन थरथरत असेल तर गॅप कमी आहे का ते बघावे. गॅप अरुंद असली की ठिणगी सहज पडते, पण तिथे पेटलेल्या इवल्याशा ज्वाळेची उष्णता दोन्ही इलेक्ट्रोड शोषून घेतात आणि ती वाढण्याआधीच विझते. गर्दीत सतत रेंगाळणाऱ्या गाडीच्या प्लगवर काजळीही धरते, कारण ती जळून जायला टोक साधारण 450 ते 500 अंश सेल्सिअस तापावे लागते.

गॅप किती ठेवायची ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. एनजीके कंपनीच्या सीपीआर8ईए-9 या प्लगच्या नावात शेवटचा 9 म्हणजे 0.9 मिमी गॅप. पुष्कळ जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरना याहून कमी गॅप लागते, तेव्हा एकीचा आकडा दुसरीला लावू नये.

काम इंजिन थंड असतानाच करा. हेड अॅल्युमिनियमचे असते, गरमपणी प्लग फिरवला तर आटे जातात. कॅप ओढताना वायर धरू नका. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून काढा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा, सियागंजमधल्या हत्यारांच्या दुकानात मिळेल. मॅन्युअलमध्ये 0.8 ते 0.9 लिहिले असेल तर 0.80 ची पाती सहज जावी, 0.90 ची किंचित घासत जावी आणि 0.95 ची अडावी. वाकवायचा तो फक्त बाहेरचा, बाजूचा इलेक्ट्रोड. गॅप कमी करायला तो लाकडावर हलकेच ठोका. वाढवायला गॅप टूलच्या खाचेत धरून उचला. मधल्या इलेक्ट्रोडवर टेकवून स्क्रूड्रायव्हरने उचकटले की त्याभोवतीच्या चिनीमातीला केसासारखी चीर जाते आणि करंट तिथूनच पळतो. इरिडियम प्लगचे मधले टोक तर इतके बारीक असते की त्याची गॅप घरी न छेडलेलीच बरी.

वापरलेल्या प्लगमध्ये एक फसगत असते. बाजूच्या इलेक्ट्रोडला ठिणग्यांनी खळगा पडतो. सपाट पाती त्याच्या काठांवर टेकते आणि खरी गॅप असते त्यापेक्षा कमी दाखवते. तिथे गोल तारेचा गेजच हवा. शिवाय ठिणगी धारदार कडेवरून सहज उडी मारते; कडा गोलावल्या असतील तर गॅप बरोबर करूनही जास्त व्होल्ट लागतात. असा प्लग सरळ बदलावा.

बसवताना आधी हातानेच आटे धरू द्या. टेकल्यावर नवा प्लग पान्याने सुमारे अर्धा वळसा. जुन्याचा वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला वळशाचा आठवा भाग पुरे. सैल राहिलेल्या प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही. टोक साधारण 850 अंशांच्या वर तापू लागले की ठिणगीची वाट न बघता मिश्रण आपोआप पेटते आणि पिस्टनला मार बसतो.