सिनेमा पाहून झाल्यावर वाचायची मासिकं : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नियतकालिकांची वर्गणी भरून देणं आणि जुने अंक बाइंडिंग करून देणं हे आमचं काम. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची वाचनालयं आणि घरगुती वर्गणीदार आमच्याकडे येतात. 'सिनेमावरचं काहीतरी चांगलं द्या' अशी मागणी हल्ली होते. त्यावर आम्ही आधी एकच विचारतो : जायचं की नाही हे ठरवायला हवंय, की पाहून आलेला सिनेमा डोक्यातून जात नाही म्हणून हवंय? पहिल्या कामाला रोजचं वर्तमानपत्र पुरे. हे पत्रक दुसऱ्या प्रकारच्या वाचकांसाठी आहे.

परीक्षण लिहिणारा तुम्ही सिनेमा पाहिलेला नाही असं धरून लिहितो. समीक्षक तुम्ही तो पाहिलाय असं धरतो. म्हणून समीक्षेत शेवट सरळ सांगितलेला असतो. त्याबद्दल तक्रार घेऊन येऊ नये, आधी सिनेमा पाहावा ही विनंती.

समीक्षेनं नेमकं काय हाती लागतं? बेल्जियमच्या शांताल आकरमान यांचा 'जान दीलमान' हा 1975 चा चित्रपट घ्या. 201 मिनिटं, ब्रसेल्समधली एक विधवा, तिचे तीन दिवस. कॅमेरा एका जागी बसलेला. ती बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण आवरते. पाहणाऱ्याला वाटतं, घडतच काही नाही. मग कुणी समीक्षक दाखवून देतो की दुसऱ्या दिवशी तिच्या हातून बटाटे जास्त शिजले आणि तिथून त्या घराची घडी विस्कटायला लागली. पुन्हा पाहताना ते पातेलं बघून पोटात गोळा येतो. सिनेमा तोच, पण आपला डोळा बदललेला असतो.

लंडनचं 'साइट अँड साउंड' 1932 पासून निघतं. 1952 पासून दर दहा वर्षांनी ते समीक्षकांना जगातले थोर चित्रपट विचारतं. 2012 च्या यादीत 'जान दीलमान' पहिल्या तिसांतही नव्हता, 2022 ला तो पहिला आला. मत देणारे दरम्यान साडेआठशेच्या आसपासवरून सोळाशेंच्या वर गेले होते हे खरं, पण बायकांच्या घरकामाकडे पडद्यावर कसं पाहायचं यावर कित्येक वर्षं सातत्यानं लिहिलं गेलं, त्याचाही यात मोठा वाटा आहे असं आम्ही मानतो. इंग्रजी बरं असेल तर सुरुवात याच मासिकानं करा.

फ्रान्सचं 'काइए द्यु सिनेमा' फार मागितलं जातं. 1951 ला ते सुरू करणाऱ्यांत समीक्षक आंद्रे बाझँ होते. 1954 च्या जानेवारीत फ्रांस्वा त्रुफो यांनी त्यात फ्रेंच सिनेमावर घणाघाती लेख लिहिला, तेव्हा ते 21 वर्षांचे होते. पाच वर्षांनी त्यांनी स्वतःच्या पहिल्या मोठ्या चित्रपटासाठी कान महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक घेतलं. मासिक थोर आहे, पण फ्रेंच येत नसेल तर वर्गणी भरू नका. बाझँ यांचे लेख इंग्रजीत पुस्तकरूपानं मिळतात, ते घ्या.

आपल्याकडे हे लेखन फिल्म सोसायट्यांच्या, म्हणजे चांगले चित्रपट सभासदांना दाखवणाऱ्या संस्थांच्या आधारानं वाढलं. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळाची स्थापना 1968 ची. त्यांचं 'वास्तव रूपवाणी' हे नियतकालिक मराठी वाचकानं आधी वाचावं. अरुणा वासुदेव यांनी 1988 ला दिल्लीहून सुरू केलेलं 'सिनेमाया' हे सिनेमाविषयक नियतकालिक आता बंद आहे. जुने अंक रद्दीत दिसले तर सोडू नका, आम्हाला कळवा.

सीमाभागातल्या वाचकाला एक गोष्ट आयती मिळाली आहे. गिरीश कासरवळ्ळींचा कन्नड चित्रपट 'घटश्राद्ध' पाहताना आपल्यापैकी अनेकांना खालच्या इंग्रजी ओळी लागत नाहीत. कोण कुणाला कसं हाक मारतं, कुठे आवाज खाली येतो, हे थेट कानाला कळतं. 'उंबरठा'मधले गिरीश कार्नाड तर मराठी-कन्नड दोन्हीकडचेच. तरीही कन्नड सिनेमावर मराठीत नीट लिहिलेलं शोधायला गेलं तर हाताला फार थोडं लागतं. चोर्ला घाटातून दर नोव्हेंबरला पणजीच्या चित्रपट महोत्सवाला जाणारे आमचे ग्राहक आहेत. त्यांनी परत आल्यावर लिहावं, अशी आमची मनापासून इच्छा आहे. लेख मासिकाकडे पाठवायला आम्ही मदत करू, त्याचे पैसे घेत नाही.

वर्गणीचं थोडक्यात : परदेशी मासिकांचा दर रुपयाच्या भावाप्रमाणे बदलतो, म्हणून इथे छापलेला नाही; विचारून घ्या. अंक उशिरा येतात. एखादा आलाच नाही तर लगेच सांगा, कारण फार दिवसांनी प्रकाशक दुसरा अंक देत नाहीत.

बाइंडिंगला देताना वर्षाचे अंक क्रमानं लावून, वार्षिक सूची असल्यास तीसह आणावेत. पूर्वी आम्ही तिन्ही कडा मशीनवर कापत होतो. एका ग्राहकांच्या अंकांत फोटोंखालच्या ओळी त्यात गेल्या आणि ते नुकसान भरून देता आलं नाही. आता कडा कापत नाही. सेंटर पिनचे अंक पिना काढून दोऱ्यानं शिवतो, पाठीला कापड लावतो आणि मुखपृष्ठं आतच ठेवतो. जाहिरातींची पानंही काढत नाही. त्या काळी कुठे काय लागलं होतं, हे पुढे त्यांवरूनच सापडतं.