तीन-पंचमांशाचा हिशेब : अमेरिकी प्रतिनिधिगृह आणि गुलामगिरी

प्रतिनिधिगृहातील जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायच्या, असे फिलाडेल्फियाच्या 1787 च्या घटना परिषदेत ठरू लागले, तेव्हा मताचा अधिकारच नसलेल्या गुलामांना त्या लोकसंख्येत धरायचे की नाही, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. त्यावर निघालेला तीन-पंचमांशाचा, म्हणजे पाच गुलामांमागे तीन माणसे मोजण्याचा तोडगा मात्र करआकारणीच्या जुन्या भांडणातून आलेला होता.

राज्यांनी सामाईक खर्चाचा वाटा लोकसंख्येनुसार उचलावा, या राज्यांच्या पहिल्या संघ-कराराच्या मसुद्यातील तरतुदीवर जुलै 1776 मध्ये चर्चा झाली. गुलाम ही मालमत्ताच आहे, मग जमीन किंवा मेंढ्यांहून तिच्यावर अधिक कर का, असे साउथ कॅरोलायनाच्या थॉमस लिंच यांनी विचारले; मेंढ्या कधी बंड करत नाहीत, असे उत्तर बेंजामिन फ्रँकलिन यांनी दिले. अखेर जमिनीच्या मूल्यानुसार वाटा ठरला, पण ते मूल्यमापन जमेना. म्हणून 1783 मध्ये पाच गुलामांमागे तीन माणसे धरण्याचा प्रस्ताव पुढे आला. सर्व 13 राज्यांची संमती न मिळाल्याने तो बारगळला, तरी आकडा सर्वांच्या लक्षात राहिला.

फिलाडेल्फियात भूमिका उलटल्या. कर भरताना गुलामांना मोजू नका म्हणणारी दक्षिण आता जागांसाठी त्यांना पूर्ण मोजा म्हणू लागली. पूर्ण मोजणीची मागणी 11 जुलैला फेटाळली गेली. दुसऱ्या दिवशी नॉर्थ कॅरोलायनाच्या विल्यम डेव्ही यांनी, तीन-पंचमांशाहून कमी मिळाल्यास आपले राज्य संघात येणार नाही, असे बजावले. प्रत्यक्ष करही त्याच प्रमाणात बसतील, या अटीवर तडजोड झाली; पुढे असे कर क्वचितच बसवले गेल्याने उत्तरेच्या पदरात फारसे पडले नाही. गुलाम माणसे असतील तर त्यांना नागरिक करून मत द्या आणि मालमत्ता असतील तर इतर मालमत्ता का मोजत नाही, हा गव्हर्नर मॉरिस यांचा 8 ऑगस्टचा सवाल अनुत्तरितच राहिला. (मॉरिस यांचे ‘गव्हर्नर’ हे नाव आहे, पद नव्हे.)

या कलमाने गुलामाला तीन-पंचमांश माणूस ठरवले, असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात गुलामाला त्यातून काहीच मिळाले नाही. वाढले ते मालकांचे बळ. 1790 च्या जनगणनेत व्हर्जिनियाची स्वतंत्र लोकसंख्या सुमारे 4,55,000 आणि पेनसिल्व्हेनियाची सुमारे 4,31,000 होती. तरीही व्हर्जिनियाला 19 जागा मिळाल्या आणि पेनसिल्व्हेनियाला 13, कारण पहिल्या राज्यात सुमारे 2,93,000 गुलाम होते. अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळाची मतेही याच जागांवर आधारलेली असल्याने 1800 च्या अध्यक्षीय निवडणुकीत जेफरसन यांनी जॉन ॲडम्स यांच्यावर 73 विरुद्ध 65 असा मिळवलेला विजय या कलमाचाच, असे विरोधक म्हणत राहिले. उत्तरेतील न्यू इंग्लंडच्या प्रतिनिधींच्या 1814-15 च्या हार्टफर्ड परिषदेने ते कलम रद्द करण्याची मागणी केली, ती निष्फळ ठरली.

1865 मध्ये गुलामगिरी संपली आणि तीन-पंचमांश नव्हे, तर संपूर्ण माणूस मोजला जाणार असल्याने दक्षिणेच्या जागा वाढण्याचीच चिन्हे दिसू लागली. म्हणून 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत, प्रौढ पुरुषांना मत नाकारणाऱ्या राज्याच्या जागा त्या प्रमाणात कमी करण्याची तरतूद झाली. पुढे दक्षिणेत कृष्णवर्णीयांचे मत दशकानुदशके हिरावले गेले, त्यांची मोजणी मात्र पूर्ण होत राहिली, आणि त्या तरतुदीखाली एकाही राज्याची एकही जागा कमी झाली नाही.