व्याज, वही आणि रथाचा दोर

नाशिकच्या पांडवलेण्यांशी पांडवांचा काहीही संबंध नाही. तिथल्या शिलालेखांत डोंगराचं नाव ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी, असं येतं आणि चोवीस लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत. काळ साधारण इसवीसनपूर्व पहिल्या शतकापासून पुढची तीनेकशे वर्षं. पुढे भिक्खू गेले आणि कोरलेल्या मोठमोठ्या खोल्या कुणी बांधल्या असतील याचं उत्तर लोकांनी आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीत शोधलं. महाराष्ट्रात असं पुष्कळ ठिकाणी झालंय. माणसाच्या विचारात धर्म कसा काम करतो ते यात दिसतं: रिकामी जागा तो रिकामी राहू देत नाही.

पण गोष्टींपेक्षा मला तिथला हिशोब जास्त बोलका वाटतो.

दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई, म्हणजे परक्या शक कुळातला. त्याने भिक्खुसंघाला लेणं दिलं आणि ते चालावं म्हणून ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या (आजच्या नाशिकजवळचं गाव) विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज खर्चायचं. पहिल्या ठेवीतून पावसाळ्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, माणशी बारा कार्षापण. गणित करून बघा: २००० वर दरमहा वीस, वर्षाचे २४०, भागिले वीस, बारा. पैचाही फरक नाही. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवून फलकावर नोंदवलं, असंही लेखात आहे. आजच्या देवस्थानांच्या विश्वस्तांनी हा लेख एकदा वाचायला हरकत नाही.

हाच उषवदात ब्राह्मणांना गायी दान केल्याचं, वर्षाला लाख ब्राह्मणांना जेवू घातल्याचंही अभिमानाने सांगतो. म्हणजे ‘मी या धर्माचा, त्या धर्माचा नाही’ हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. परक्या राज्यकर्त्याला इथे रुजायचं होतं आणि ज्याच्या त्याच्या श्रद्धेला दान देणं हा रुजण्याचा मार्ग होता.

त्याच्या सासऱ्याच्या वंशाचा पाडाव गौतमीपुत्र सातकर्णीने केला. गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, लेख तिसऱ्या लेण्यात आहे. तिचा नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षातला. त्यात ती मुलाला ‘एकब्राह्मण’, म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, म्हणते, त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला असं त्याचं कौतुक करते, आणि त्याच लेखात बौद्ध भिक्खूंना लेणं देते. राजघराणी बदलली, भिक्खू तेच राहिले. वर्णव्यवस्था राखण्याची बढाई आणि बौद्ध संघाला दान, दोन्ही एकाच भिंतीवर. दानाच्या बाबतीत मोकळा असलेला समाज माणसांच्या उतरंडीबाबत मोकळा असतोच असं नाही, याचा इतका जुना आणि लेखी पुरावा आमच्या गावाजवळ आहे.

मधली शतकं भराभर ओलांडतो. मुघल अमलात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं. पेशवाईत गंगेचा (गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात) काठ देवळांनी भरला: नारोशंकराचं, सुंदरनारायणाचं, आणि अठराव्या शतकाच्या शेवटी सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेलं पंचवटीतलं काळाराम मंदिर. त्र्यंबकेश्वराचं आजचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी सुरू केलेलं. नारोशंकराची घंटा वसईच्या मोहिमेतून आलेली, पोर्तुगीजांची. सिंहस्थात पहिलं स्नान कुणाचं, यावरून साधूंमध्ये तंटे झाले आणि पेशवाईतच वाटणी होऊन शैव आखाडे त्र्यंबकच्या कुशावर्तावर, वैष्णव रामकुंडावर अशी रीत पडली. ती आजतागायत आहे. श्रद्धेच्या जागीही मानपान, पाळी आणि तडजोड चालतेच.

तीर्थावर आणखी एक व्यवस्था होती, उपाध्यांच्या वह्या. गाव आणि आडनाव सांगितलं की तीर्थोपाध्याय वही उघडतात आणि पणजोबा कधी आले, सोबत कोण होतं, ते वाचून दाखवतात. सरकारी जनगणना येण्याच्या कितीतरी आधी ही नोंद होत होती. मेलेल्यांची आठवण ठेवायची, जिवंतांना वंशात जागा द्यायची, हे धर्माचं काम वहीच्या पानावर इतकं साधं दिसतं.

एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने गावाबाहेर शरणपूरची वसाहत उभारली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे राहिली, शिकली, कारागिरी शिकली. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या ब्रिटिश संशोधक-प्रवासी लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात सामील झाला आणि १८७४ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीसोबत लंडनपर्यंत गेला. शरणपूर रोडवर सिग्नलला थांबणाऱ्या किती जणांना ‘शरण’ कुणाला मिळाली होती हे ठाऊक असेल?

आणि मग २ मार्च १९३०. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली देवळात प्रवेश मागणाऱ्या हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुषांची मिरवणूक काळारामाच्या दारांशी आली. दारं बंद होती. दुसऱ्या दिवसापासून चारही दारांवर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे ही स्थानिक मंडळी त्याचा कणा होती. महिनाभर देऊळ बंद राहिलं. आत कुणाला घ्यायचं नाही म्हणून सवर्णांनी स्वतःचंही दर्शन बंद करून घेतलं. ९ एप्रिलला रामाच्या रथाची मिरवणूक होती. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा असं ठरलं. प्रत्यक्षात अस्पृश्यांचा हात दोराला लागण्याआधीच रथ पळवला गेला, दगडफेक झाली, माणसं रक्तबंबाळ झाली.

एमिल दुर्खिम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये असं मांडलं होतं की पवित्र वस्तूभोवती जमलेला समाज खरं तर आपली एकीच पुजत असतो. नाशिकच्या रथाला हे अर्धंच लागू पडतं. दोर धरणाऱ्यांची एकी खरी होती, पण दोर कुणी धरायचा नाही हे ठरवून ती झाली होती. त्या दिवशी भांडण देवाचं नव्हतंच.

हे बाबासाहेबांना सगळ्यात आधी उमगलेलं होतं. ३ मार्च १९३४ रोजी दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट केलं की अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं किंवा देवळात गेल्याने ते समान होतील म्हणून हा लढा नव्हता. आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि अंगात बळ यावं, यासाठी तो होता. आता ती शक्ती शिक्षण आणि राजकारणाकडे वळवावी, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. लक्षात घ्या, त्यांनी धर्म टाकून दिला नाही. एकवीस वर्षं विचार करून दुसरा निवडला. माणसाला नीतीसाठी काहीतरी पवित्र लागतं असं ते मानत. ते बुद्धीला आणि समतेला पटणारं हवं, एवढीच त्यांची अट होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धर्माची दीक्षा झाली.

येवल्याच्या त्या जागेला आता मुक्तिभूमी म्हणतात. काळारामाचा रथ आजही चैत्रात निघतो. आणि त्रिरश्मीच्या पायथ्याशी बुद्धस्मारक आहे. बुद्धपौर्णिमेला पांढऱ्या कपड्यांतली माणसं पायऱ्या चढून लेण्यांत जातात, बुद्धासमोर मेणबत्त्या लावतात. ती मंडळी डोंगराला त्रिरश्मी म्हणतात. रिक्षावाले मात्र अजून पांडवलेणीच म्हणतात.