कार्ब्युरेटरचे जाम स्क्रू (जुन्या मोटरसायकली)

जुन्या मोटरसायकलचा कार्ब्युरेटर (इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) उघडताना जे स्क्रू हलत नाहीत, ज्यांची मुंडी गोल होते किंवा जे अर्ध्यात तुटतात, ते काढायची खटपट म्हणजे हा विषय. जेट साफ करणं, सुई बदलणं, फ्लोटची लेव्हल बघणं वगैरे तासाभरात उरकतं, पण खालच्या वाटीचे (जिच्यात पेट्रोल साठतं आणि फ्लोट तरंगतो) चार स्क्रू अख्खा रविवार खातात. आपल्याकडे यामाहा आरएक्स १०० (१९८५ ते १९९६) आणि राजदूत ३५० वाल्यांना हा त्रास चांगला माहितीये, कारण मिकुनीच्या जपानी घडणीचे ते बारीक एम-४ (चार मिलिमीटर जाडीचे) स्क्रू, आणि त्यावर चाळीस वर्षांत कितीजणांनी हात साफ केलाय देव जाणे.

स्क्रू जाम का होतो? बॉडी असते जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव आणि स्क्रू असतो पोलादी, वर पातळ मुलामा. मुलामा गेला, ओलावा शिरला की दोन वेगळ्या धातूंमध्ये बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो आणि त्यात बॉडीचा धातू खाल्ला जातो. मग आट्यांमध्ये पांढरी पावडर धरते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे स्क्रू पाचर मारल्यासारखा आवळला जातो. कोकणात खारी हवा आहेच, शिवाय हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते पाणी ओढून घेतं, आणि गाडी दोन पावसाळे तशीच उभी राहिली तर वाटीत डिंकासारखा थरही साचतो.

पण खरं सांगायचं तर गंजाने जेवढे स्क्रू जातात त्याहून जास्त चुकीच्या पेचकसाने जातात. आपण ज्याला स्टार पेचकस म्हणतो तो बहुतेक वेळा फिलिप्स असतो, अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सने १९३० च्या दशकात बाजारात आणलेला, मूळ कल्पना जॉन थॉम्पसनची. जपानी गाड्यांवरचे स्क्रू मात्र जेआयएस म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या मापाचे, दिसायला तसेच पण खाचेचा आकार थोडा वेगळा. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, आधीच तळाला टेकतं आणि जोर दिला की वर सरकून खाचेच्या कडा खरवडतं. बऱ्याच जेआयएस स्क्रूंच्या मुंडीवर अधिकच्या खुणेशेजारी एक बारीक ठिपका असतो, पण तो घाणीखाली लपलेला, त्यामुळे आधी दाभणाने खाचेतली घाण काढायची आणि मगच पेचकस लावायचा. नीट बसलेला जेआयएस पेचकस हात सोडला तरी स्क्रूमध्ये बऱ्यापैकी उभा राहतो, डुगडुगला तर समजायचं माप चुकलं.

पहिला प्रयत्न फुकट घालवू नये. आदल्या रात्री आट्यांच्या कडेला पेनिट्रेटिंग ऑइल सोडायचं, डब्ल्यूडी-४० असेल तर चालतं पण ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं, जिरणारं तेल म्हणून फार भरवशाचं नाही. सकाळी कार्ब्युरेटर उलटा, वाटी वर येईल असा लाकडी ठोकळ्यावर नीट टेकवायचा, पेचकस सरळ धरून वरून हातोडीच्या दोन-तीन हलक्या टपल्या, आणि मग अंगाचा भार खाली देऊन फिरवायचं, दाबायला जास्त आणि फिरवायला कमी जोर. सुटताना एक बारीक "टक्" असा आवाज येतो, तो एकदा ओळखीचा झाला की दुसऱ्या खोलीतून पण कळतो. खाच थोडी झिजली असेल तर पेचकसाच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट चोपडायची, कणांमुळे पकड येते, नंतर ती पेस्ट पूर्ण धुवायची कारण आत गेली तर इंजिनाची वाट. इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीने ठोकला की फिरणारा पेचकस) इंजिनच्या कव्हरला झकास, इथे मात्र जपून, स्क्रू बसतात ते ओतीव कान फटकन तुटतात.

तरी नाही हललं तर उष्णता. जस्त पोलादाच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं, म्हणून रबरी ओ-रिंगा, फ्लोट वगैरे काढता येईल तेवढं काढून बॉडी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, बाहेर काढली की लगेच पेचकस, हातमोजे घालून. (ते पातेलं परत स्वयंपाकघरात जाणार नाही हे आधीच ठरवून घ्या.) गॅसची टॉर्च लावायचा मोह होतो पण जस्ताचा हा मिश्रधातू ३८० अंशांच्या आसपास वितळायला लागतो, आणि माझ्या हातून एका आरएक्सच्या वाटीचा कान असाच मेणासारखा खाली बसलाय.

मुंडी पार गोल झाली तर चिमट्याने किंवा वाइसग्रिपने (घट्ट धरून लॉक होणारी पक्कड) पकडून बघायचं, नाहीतर हॅक्सॉ ब्लेडने आडवी खाच पाडून फ्लॅट पेचकस लावायचा. शेवटचा उपाय ड्रिल. लोक लगेच इझी-आउट (भोक पाडून त्यात उलटा फिरवत स्क्रू ओढून काढायचा दांडा) घुसवतात, मला ते पटत नाही, एवढ्या बारीक स्क्रूत तो कडक पोलादाचा तुकडा आतच मोडला तर साधं ड्रिल त्याला शिवत पण नाही. त्यापेक्षा मधोमध पंच मारून चार मिलिमीटरच्या ड्रिलने फक्त मुंडी उडवायची. मुंडी गेली की ताण गेला, वाटी वर उचलून येते आणि बॉडीतून स्क्रूचा काही मिलिमीटर दांडा बाहेर उभा राहतो, त्याला तेल, गरम पाणी आणि वाइसग्रिप, कित्येकदा तर तो बोटांनीच फिरतो.

पितळी पायलट जेटचं (गाडी मंद चालताना पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं) तंत्र वेगळं. पितळ मऊ, खाच अरुंद आणि खोल भोकात, तिथे खाचेएवढ्याच रुंदीचा, समांतर टोकाचा फ्लॅट पेचकस लागतो, उताराचा नको. बटरफ्लाय (हवेची वाट उघडझाप करणारी गोल चकती) असलेल्या कार्ब्युरेटरमध्ये तिचे दोन स्क्रू मागून ठोकून पसरवलेले असतात, ते फुललेलं टोक कानसीने घासल्याशिवाय फिरवलं तर शाफ्टचे आटे जातात. बसवताना तिथे नवेच स्क्रू आणि लॉकिंगचं द्रव, सुटून आत पडला तर थेट सिलिंडरमध्ये.

वाटीला मग बरेचजण स्टेनलेस ॲलन (षटकोनी खाचेचे) स्क्रू टाकतात. सोय मोठी, पण स्टेनलेसही मिश्रधातूत जाम होतोच, म्हणून आट्यांना कॉपर ग्रीसचं बोट. आणि ॲलनची चावी हातात आली की जोर जास्त लागतो, एम-४ ला तेवढा सोसत नाही. जुने चार स्क्रू डबीत ठेवून द्यायचे, गाडी विकताना ओरिजिनल मागणारा कुणीतरी भेटतोच.