बारानाजा : मोडीत निघालेली आणि पुन्हा आठवलेली शेती

बदलत्या हवामानात टिकणारी शेती म्हणून उत्तराखंडातल्या गढवालच्या बारानाजाचं आज कौतुक होतं. 1980च्या दशकात हीच पद्धत मागास ठरवली जात होती.

बारानाजा म्हणजे खरिपात एकाच कोरडवाहू शेतात दहा-बारा, कधी त्याहून जास्त पिकं एकत्र घेणं. त्यात नाचणी (तिकडे मंडुवा किंवा कोदा), राजगिरा, राजमा, उडीद, कुळीथ, चवळी, तीळ आणि भट हा काळा सोयाबीन असतो. मिश्रण दिसायला अस्ताव्यस्त, पण त्यामागचा हिशेब पक्का आहे. राजम्याचा वेल उभ्या राजगिऱ्यावर चढतो, वेगळा मांडव लागत नाही. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र साठवतात, ते नाचणीच्या कामी येतं. पानांखाली जमीन झाकलेली राहिल्याने उतारावरची माती कमी वाहते. सगळी पिकं एकदम काढणीला येत नाहीत, त्यामुळे पावसाने मध्येच ओढ दिली तरी सगळंच हातचं जात नाही. नाचणी निघाली की ते शेत रब्बीत पडीक ठेवायचं. गावाची जमीन दोन ‘सारीं’त, म्हणजे भागांत, विभागून सगळे मिळून हा क्रम पाळत.

हरितक्रांतीचं बियाणं पाणी आणि रासायनिक खतं गृहीत धरून तयार झालेलं. पहाडातली बहुतेक शेती मात्र पावसावर. शिवाय बुटक्या जातींचा पेंढा कमी, म्हणजे गुरांचा चारा तुटला. पुढे सरकारी यंत्रणेने बारानाजाऐवजी नुसत्या सोयाबीनचा आग्रह धरला. त्याच सुमारास टिहरी जिल्ह्यातल्या हेंवल खोऱ्यात विजय जडधारी आणि चिपको आंदोलनातल्या त्यांच्या साथीदारांनी ‘बीज बचाओ आंदोलन’ उभं केलं. गावोगाव पायी फिरून त्यांनी भात, राजमा, नाचणीचे शेकडो वाण गोळा केले. माझ्या मते त्यांनी घेतलेला सर्वांत मोलाचा निर्णय म्हणजे ते बी शेतकऱ्यांच्या शेतात पेरतं ठेवणं. शीतगृहातलं बी बदलत्या पावसाशी जुळवून घ्यायला शिकत नाही.

वेगळ्या उत्तराखंड राज्यासाठीच्या 1994च्या आंदोलनात ‘कोदा-झंगोरा (नाचणी-सावा) खाएंगे, उत्तराखंड बनाएंगे’ ही घोषणा गाजली. 2000 साली राज्य झालं, पण बारानाजाचा पेरा घटतच गेला. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला होता, तरुण शहरांकडे जात होते, उरलेल्या पिकात रानडुकरं शिरत होती. खुरपणी-काढणीचा भार पूर्वीपासून बायकांवर, तो आणखी वाढला. 2023च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात नाचणीला मान मिळाला खरा, पण तो एकट्या नाचणीला. बाजार राजगिरा आणि नाचणी वेगवेगळी मागतो, आणि एकेका पिकाचंच शेत करणं शेतकऱ्याला सोयीचं वाटू लागतं.