वार्धक्यातील उच्च रक्तदाब

साठीनंतर बहुधा रक्तदाबाचा फक्त वरचा (सिस्टोलिक) आकडा चढतो. तो १४० किंवा अधिक आणि खालचा मात्र ९० च्या आत असेल, तर त्याला विलग सिस्टोलिक उच्च रक्तदाब म्हणतात. वय वाढते तशी महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) आणि मोठ्या धमन्या ताठरतात. तरुणपणी हृदयाने फेकलेल्या रक्ताचा धक्का त्या फुगून झेलतात. ताठरल्यावर तो झेलला जात नाही, म्हणून वरचा दाब चढतो आणि खालचा उतरतो. डाव्या जवनिकेला, म्हणजे शरीरभर रक्त फेकणाऱ्या हृदयाच्या कप्प्याला, दर ठोक्याला जादा जोर लावावा लागतो, तिची भिंत जाड होते आणि पुढे हृदय थकते.

‘वय अधिक शंभर’ एवढा आकडा चालतो, हा समज डॉक्टरांमध्येही बरीच वर्षे होता. अमेरिकेतल्या शेप चाचणीने १९९१ मध्ये तो मोडला. साठीपुढच्या ४,७३६ जणांच्या या चाचणीत क्लोरथॅलिडोन या औषधावर आधारलेल्या उपचाराने पक्षाघात ३६ टक्क्यांनी घटला. २००८ च्या हायव्हेट चाचणीत तर सगळे ऐंशीच्या पुढचे होते. उपचार घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी आढळले. ‘आता या वयात कशाला गोळ्या’ हे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे.

मोजण्यात फार चुका होतात. जिना चढून आलेल्या आजोबांना खुर्चीत बसवून लगेच पट्टा बांधायचा, तोही स्वेटरच्या बाहीवरून, आणि वर गप्पा चालू. असा आकडा भरवशाचा नसतो. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत असावा. नंतर उभे करूनही मोजावे. तीन मिनिटांत वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर रात्री लघवीला उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडण्याची भीती असते. अशांचे औषध बेताने वाढवतात. चालत्याफिरत्या माणसाचा वरचा आकडा १४० च्या खाली आणि सोसत असेल तर १३० च्या आसपास आणतात. फार अशक्त व्यक्तीत घाई करत नाहीत.

औषधे बहुतेकदा साधीच असतात: अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन. अडचण ती रोज घेण्याची. ‘बीपी नॉर्मल आलं’ म्हणून गोळी बंद करणारे घरोघरी सापडतात. ते नॉर्मल येते गोळीमुळेच. भारतात २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. घराजवळच्या आरोग्यकेंद्रात महिन्याभराची औषधे द्यायची आणि न येणाऱ्याचा पाठपुरावा करायचा, हा त्याचा गाभा.

गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळीही दाब वाढवते. डॉक्टरांना ती आवर्जून सांगावी. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात पापड, लोणचे, सुकी मासळी यांतले मीठही धरायचे. पोटॅशियम असलेले ‘कमी सोडियमचे’ मीठ मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय वापरू नये.